रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणजे नेमकं काय झालं?



आज कुठल्या एका आजारावर लिहीत नाही. आज लिहायचं आहे ते आपल्या तोंडी बसलेल्या इंग्रजी शब्दांवर. डॉक्टरला हा विषय कुठून सुचला, असं तुम्हाला वाटेल. पण सुरगाण्यासारख्या तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं ओपीडी केली की एक गोष्ट पक्की कळते: आजार ओळखण्याच्या आधी शब्द ओळखावा लागतो. पेशंट ‘गॅस’ म्हणतो, ‘पॉवर’ म्हणतो, ‘निगेटिव्ह’ म्हणतो. मीही तेच शब्द बोलतो. दोघांनाही वाटतं की आपलं बोलणं एकमेकांना कळलं. प्रत्यक्षात त्याच्या मनातला अर्थ वेगळा असतो आणि माझ्या पुस्तकातला वेगळा.

एक आधीच स्पष्ट करतो. पेशंटच्या इंग्रजीची चेष्टा करायला हा लेख नाही. शब्दाने घर बदललं की त्याचा अर्थ बदलतो, आणि खुद्द इंग्रजीतही हेच झालेलं आहे. ‘नाइस’ हा शब्द घ्या. त्याचं मूळ लॅटिनमधलं, आणि तिथे त्याचा अर्थ ‘ज्याला काही कळत नाही तो’. इंग्रजीत आला तेव्हाही तो ‘मूर्ख’ या अर्थानेच आला. शेकडो वर्षं घरंगळत घरंगळत तो ‘छान’ झाला. ‘सिली’चा प्रवास बरोबर उलटा. आधी तो ‘भाग्यवान’ होता, आता ‘खुळा’ आहे. ‘मीट’ म्हणजे पूर्वी कुठलंही अन्न, आता फक्त मटण. तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या आजीने ‘शुगर’ हा शब्द आजाराच्या नावासाठी वापरला, तर तिने भाषेचा काही गुन्हा केलेला नाही.

त्यात ‘शुगर’ तर आपल्याच घरचा. संस्कृतातली शर्करा फारसीत गेली, तिथून अरबीत, अरबीतून युरोपात, आणि शेवटी इंग्रजीत ‘शुगर’ झाली. इकडे तीच शर्करा मराठीत ‘साखर’ झाली. म्हणजे ‘मला शुगर आहे’ म्हणणारा माणूस जग फिरून आलेला आपलाच शब्द बोलतो आहे.

एक शब्द तर आपल्या मराठीतून थेट बाहेर गेला. उलट्या-जुलाबाला जुनी माणसं अजून ‘मोडशी’ म्हणतात. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या पुस्तकात या आजाराचं वर्णन केलं आणि इथलं नावही नोंदवलं. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचं ‘मोर्देशी’सारखं काहीतरी झालं. ते फ्रेंचांच्या कानावर पडलं, आणि त्यांनी त्यातून आपल्या भाषेतला अर्थ काढला: ‘कुत्र्याची मौत’. मोडशी आणि कुत्रा यांचा काडीचा संबंध नाही. पण परका शब्द कानावर पडला की माणूस त्याला आपल्या ओळखीच्या शब्दाशेजारी नेऊन बसवतो. फ्रेंचांनी ते केलं, आपणही करतो.

हे सगळं गमतीचं आहे. पण काही मोजक्या शब्दांच्या बाबतीत ही गंमत महागात पडते. त्यातला पहिला मान ‘निगेटिव्ह’चा.

आपल्या रोजच्या बोलण्यात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट. पॉझिटिव्ह विचार करा, तो माणूस फार निगेटिव्ह आहे, वगैरे. प्रयोगशाळेत या शब्दांचा चांगल्या-वाईटाशी संबंध नाही. जे शोधत होतो ते सापडलं तर पॉझिटिव्ह, नाही सापडलं तर निगेटिव्ह. बस्स. २०२० साली कोरोनाने हा फरक गावोगावी शिकवला. ‘पॉझिटिव्ह’ शब्द ऐकून आनंदणारी माणसं एका उन्हाळ्यात त्याला घाबरायला लागली. पण त्या शिकवणीत एक नवी गफलत शिरली: निगेटिव्ह म्हणजे सुटलो.

टीबीचा उपचार सुरू केला की साधारण दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासतात. गोळ्या नीट घेतल्या असतील तर बहुतेकांचा रिपोर्ट तेव्हा निगेटिव्ह येतो. खोकला थांबलेला असतो, ताप गेलेला असतो, वजन वाढलेलं असतं, भूक लागायला लागलेली असते. आणि आता कागदही म्हणतो निगेटिव्ह. माणूस गोळ्या बंद करतो. कोण नाही करणार?

आपल्या तालुक्यात तर याला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत माणूस गावात असतो. तेव्हा खोकला अंगावर काढून काढून शेवटी दवाखान्यात येतो, तपासणी होते, गोळ्या सुरू होतात. दोन महिने संपेपर्यंत दसरा-दिवाळी आलेली असते. इकडे नागली-वरईची कापणी उरकायची, आणि तिकडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीपासूनची कामं लागलेली. घरातली चार माणसं टेम्पोत बसून बागेवर जाणार असतात. नेमक्या त्याच आठवड्यात हातात निगेटिव्ह रिपोर्ट पडतो. मग उरलेल्या चार महिन्यांच्या गोळ्या गाठोड्यात जागा अडवतात, एवढंच त्याला दिसतं.

आता त्या कागदाचा खरा अर्थ ऐका. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर तपासणाऱ्याला बहुधा काहीच दिसत नाही आणि तो प्रामाणिकपणे निगेटिव्ह लिहितो. म्हणजे ‘दिसले नाहीत’ असं लिहिलेलं असतं. ‘नाहीत’ असं लिहिलेलं नसतं. मागे राहिलेले थोडे जंतू सगळ्यात चिवट असतात, हळूहळू वाढणारे, औषधाला सहजासहजी न मरणारे. त्यांच्यासाठी पुढचे चार महिने. साध्या टीबीचा उपचार म्हणून तर किमान सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला की हेच उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि काही वेळा आधीच्या गोळ्यांना दाद न देणारे होऊन वाढतात. मग उपचार जास्त जड, जास्त त्रासाचा. बागेवरच्या एका खोलीत दहा-बारा माणसं झोपत असतील, तर हे ओझं एकट्याचं राहत नाही.

म्हणून मी आता टीबीच्या पेशंटला ‘निगेटिव्ह’ हा शब्द सांगतच नाही. केसपेपरवर मराठीत लिहितो: ‘थुंकीत जंतू दिसले नाहीत. गोळ्या अजून चार महिने.’ आणि शेवटची गोळी कुठल्या महिन्यात संपणार त्या महिन्याचं नाव. बागेवर जाणार असाल तर जाण्याआधी सांगा. सरकारी उपचार मोफत आहेत आणि नोंद तिकडच्या आरोग्य केंद्रात वर्ग करता येते. गोळ्या दिंडोरीलाही मिळतात, निफाडलाही मिळतात.

‘पॉझिटिव्ह’चा घोटाळा सिकलसेलमध्ये होतो. आधी नावच बघा. ‘सिकल’ म्हणजे विळा, जो इथल्या प्रत्येक घरात खोचलेला असतो. ‘सेल’ मात्र अवघड. आपल्याला दोन सेल माहीत: एक बॅटरीचा आणि एक साड्यांचा. पेशी या अर्थाचा ‘सेल’ १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने आणला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याला लहान लहान खोल्या दिसल्या, म्हणून त्याने खोली या अर्थाचा शब्द वापरला. तुरुंगातली कोठडी हीसुद्धा ‘सेल’च. तेव्हा सिकलसेल म्हणजे रक्तातली तांबडी पेशी, जी गोल राहायच्या ऐवजी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून सांधे-हाडांच्या असह्य कळा, रक्त कमी होणं, वारंवार ताप, कावीळ.

या आजारासाठी गावात, शाळेत, आश्रमशाळेत जी पहिली चाचणी होते ती झटपट चाचणी. सॉल्युबिलिटी टेस्ट तिचं नाव. ती दोन प्रकारच्या माणसांत पॉझिटिव्ह येते. ज्याला आई आणि बाप दोघांकडून सिकलचा दोष मिळाला तो आजारी माणूस, आणि ज्याला दोघांपैकी एकाकडूनच मिळाला तो वाहक. या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. आजाऱ्याला आयुष्यभर उपचार लागतात. वाहक शेतात राबतो, बाळंतपणं करतो, म्हातारा होतो, बहुधा त्याला कधी काही होत नाही. पण पहिल्या चाचणीत दोघांच्या कागदावर एकच शब्द: पॉझिटिव्ह. कुठला पॉझिटिव्ह, हे पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाची तपासणी सांगते. तिथे वाहकाच्या नावापुढे एएस येतं आणि आजाऱ्याच्या नावापुढे एसएस.

ती दुसरी तपासणी होण्याआधीच गावात बातमी फिरते. ‘तिला सिकल निघालं.’ चांगल्या धडधाकट मुलीचं जमलेलं लग्न एका अर्धवट शब्दावर मोडलेलं मी पाहिलं आहे. आणि उलटही पाहिलं आहे. मुलगा वाहक, मुलगी वाहक, दोघांनाही काही त्रास नाही म्हणून कोणी विचारलंच नाही, आणि मूल एसएस जन्माला आलं.

वाहकाला इंग्रजीत ‘कॅरिअर’ म्हणतात. हा शब्द मात्र आपल्याकडे नेमका बसतो. सायकलच्या मागचं कॅरिअर आठवा. त्यावर ओझं बांधलेलं असतं, सायकल व्यवस्थित चालते. वाहक तसा. प्रश्न येतो तो दोन कॅरिअरवाल्यांचं लग्न झालं तर. मग प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, आणि पूर्ण मोकळं असण्याची चारात एक. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द फार महत्त्वाचा. ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब करून लोक मोकळे होतात. तसा हिशेब नाही. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं, आणि त्यात तपासणीबरोबर लग्नाआधीच्या सल्ल्यावर भर आहे तो यासाठीच. तुमच्या घरी कोणाच्या कागदावर पॉझिटिव्ह लिहिलं असेल तर पत्रिका जुळवण्याआधी एवढंच विचारा: एएस की एसएस?

आता ‘गॅस’. हा शब्द सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसाने तयार केला, ग्रीक ‘केऑस’वरून. केऑस म्हणजे गोंधळ. आपल्याकडे त्याने नाव सार्थ केलं आहे. छातीत दुखलं, गॅस. पाठीत भरलं, गॅस. डोकं गरगरलं, गॅस डोक्यात गेला. (तो डोक्यात जात नाही. पोटातून डोक्याकडे जाणारी कुठलीही नळी देवाने ठेवलेली नाही.) इंग्रजीने इथे वेगळाच घोळ घातला आहे. पोटातलं आम्ल वर येऊन जळजळ होते तिला ते ‘हार्टबर्न’ म्हणतात, म्हणजे हृदय जळणं, आणि तिचा हृदयाशी काही संबंध नाही. तिकडे पोटाच्या दुखण्याला हृदयाचं नाव दिलं, इकडे आपण हृदयाच्या दुखण्याला पोटाचं नाव देतो. दोन्हींत आपली चूक जास्त धोक्याची.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं, आवळल्यासारखं होतं आहे, घाम फुटला आहे, दुखणं डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जातं आहे, चालल्यावर वाढतं आहे, तर त्याला गॅस म्हणू नका. नाव काही देऊच नका. सोडा पाजत, ओवा चावत रात्र काढू नका. सुरगाण्याहून नाशिक घाटाच्या रस्त्याने काही तासांचं अंतर आहे, आणि हृदयविकारात ते तास आधीच मोजलेले असतात. जवळच्या दवाखान्यात छातीची पट्टी काढायला पाच मिनिटं लागतात. १०८ ला फोन करा. मधुमेही माणसांना आणि बायकांना अनेकदा छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, अंग गळून जातं. पट्टी चांगली निघाली आणि खरंच गॅस ठरला, तर मला आनंदच आहे. त्यासाठी कोणी तुम्हाला हसणार नाही.

‘टेन्शन’ची गोष्ट जरा लांबची, पण मला फार आवडते. ‘हायपरटेन्शन’ हे रक्तदाबाचं इंग्रजी नाव. ते ऐकून माणूस म्हणतो, “डॉक्टर, मला कसलं टेन्शन? पोरं कामाला लागली, कर्ज नाही. मग बीपी कसं निघालं?” त्याच्या दृष्टीने वाद बिनतोड आहे. पण या नावातलं टेन्शन मनाचं नव्हे, नळीचं. रक्तवाहिनीच्या भिंतीवर आतून पडणारा ताण. आणि हे पाहा: टेन्शनचं लॅटिन मूळ आणि आपल्या ‘ताण’चं संस्कृत मूळ ‘तन्’ एकाच कुळातले आहेत. ताणणं, खेचणं. गवयाची तान त्याच घरची, तंतू त्याच घरचा. ग्रीकमधून आलेलं ‘टॉनिक’सुद्धा त्याच घरचं. टिटॅनसही. अंग ताणून धनुष्यासारखं वाकतं तो टिटॅनस, आणि आपल्या लोकांनी त्याला धनुर्वात म्हटलं. एवढं मोठं कुटुंब, पण गावात एकमेकांना ओळखत नाही. तात्पर्य एवढंच की डोक्याला टेन्शन नसलेल्या सुखी माणसालाही रक्तदाब होतो, आणि सुरुवातीला तो काहीही त्रास देत नाही. म्हणून तो मोजावा लागतो.

मोजल्यावर गोळी सुरू होते, आणि महिन्याभराने मी म्हणतो, “बीपी नॉर्मल आहे.” झालं, गोळी बंद! ‘नॉर्मल’चं मूळ लॅटिन ‘नॉर्मा’, म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं साधन. गवंडी म्हणतो ना, भिंत गुण्यात आहे, तसं. टेकू देऊन भिंत गुण्यात उभी असेल तर टेकू काढायचा नसतो. गोळी म्हणजे तो टेकू. १४०/९० च्या खाली आकडा आला तो गोळीमुळे आला. ती कमी करायची, थांबवायची, तर आकडे पाहून आणि हळूहळू.

‘पॉवर’ आणि ‘सलाईन’ हे दोन शब्द थोडक्यात उरकतो, कारण त्यांच्यावर मी याआधी बरंच भांडून झालो आहे. गोळीच्या पाकिटावरचे मिलिग्रॅम म्हणजे पॉवर नव्हे, वजन. तापाची पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ ची, थायरॉईडची गोळी तर मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागात. म्हणून थायरॉईडची गोळी कमजोर आणि तापाची जबरदस्त, असं नाही. मुंगीएवढी मिरची आणि किलोचा भोपळा यांची तुलना वजनावर करत नाहीत. आणि सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली लावली तर अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. त्यापेक्षा जास्त ताकद एका नागलीच्या भाकरीत असते, आणि ती सुईशिवाय पोटात जाते. ज्याला उलट्या थांबत नाहीत, जो शुद्धीवर नाही, ज्याचा रक्तदाब कोसळला आहे, त्याला सलाईन जीवदान देते. थकवा आला म्हणून ‘एक सलाईन लावा’ हे मात्र पैसे सांडणं. जुलाबात ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट पाजा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीच्या हजारो रोग्यांवर उपचार केले.

एक शब्द इंग्रजी नाही, पण त्याच जातीचा आहे म्हणून इथे घेतो: ‘औषध’. डॉक्टरचं ते औषध आणि बागेवर मारायचं तेही औषध. बागेला ‘डोस’ देतात, ‘टॉनिक’ देतात, ‘स्प्रे’ मारतात. सगळे आमचेच शब्द तिकडे राबायला गेले. पण रात्री फोन येतो, “पोरानं औषध घेतलंय,” तेव्हा त्या वाक्याचा अर्थ एकच असतो. इंग्रजीतही हीच जोडी आहे. ‘पॉयझन’ म्हणजे आज विष. त्याचं लॅटिन मूळ फक्त ‘पेय’ या अर्थाचं, आपल्या ‘पिणे’शी नातं सांगणारं. औषधाचा घोट आणि विषाचा घोट यांना एकेकाळी एकच नाव होतं. अशा वेळी मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या नादी लागू नका, त्याने धोका वाढतो. १०८ बोलवा, माणसाला एका कुशीवर ठेवा, आणि बाटली किंवा पाकीट सोबत आणा. अंगावर स्प्रे उडाला असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. आणि फोनवर ‘औषध’ म्हणू नका, ‘फवारणीचं औषध’ म्हणा. त्या एका जादा शब्दाने मला तयारीला पाच मिनिटं मिळतात. ज्याने ते घेतलं त्याला घरात बोल लावायची ती वेळ नव्हे. जीव वाचल्यावर त्याच्याशी शांतपणे बोलायला माणूस लागतो, तेही आमच्या उपचारातच येतं.

शेवटचा शब्द ‘ब्लड थिनर’. आम्ही डॉक्टर त्याचं मराठी करून सांगतो: रक्त पातळ होण्याची गोळी. ही मराठीतल्या सगळ्यात वाईट भाषांतरांपैकी एक आहे असं माझं मत आहे. आपल्याकडे ‘रक्त पातळ झालं’ म्हणजे माणूस अशक्त झाला, रक्तात दम राहिला नाही, त्याचं पाणी झालं. मग हृदयात स्टेंट घालून आलेला माणूस विचार करतो, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, त्यात आणखी रक्त कशाला पातळ करायचं? आणि गोळी उशाखाली ठेवून देतो. मूळ इंग्रजी शब्दही खोटाच आहे. अ‍ॅस्पिरिनने रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात, ते एकमेकांना चिकटून गाठ बांधतात. ही गोळी त्यांना चिकटू देत नाही, एवढंच तिचं काम.

हे मी एकदा एका पेशंटच्या बायकोला समजावत होतो. दर वर्षी निफाडकडे बागेवर जाणारी बाई. ‘थिनर’ हा शब्द तिच्या कानावर पडला आणि ती म्हणाली, “म्हणजे थिनिंगसारखंच का हो, डॉक्टरसाहेब? आम्ही घडातले मणी विरळ करतो, एकमेकांना चिकटून दाटी होऊ नये म्हणून?”

बरोबर तेच. शब्द एकच, कामही जवळजवळ एकच. मी तिला म्हटलं, ही रोजची थिनिंग आहे, हिला सीझन नाही. स्टेंट नवीन असतो तेव्हा अशा दोन गोळ्या असतात, आणि पहिल्या वर्षात त्यातली एक जरी स्वतःच्या मनाने बंद केली तरी स्टेंटच्या आत गाठ होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असेल, कुठलं ऑपरेशन ठरलं असेल, शौचाला काळं झालं किंवा हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर गोळी आपण बंद करायची नाही, आधी विचारायचं. तिने नवऱ्याकडे वळून त्याला हे सगळं त्यांच्या बोलीत सांगितलं. माझ्यापेक्षा कमी शब्दांत.